आषाढीला ५२ आणि ३१२: देवगडकडच्या एका काकींच्या साखरेचं प्रकरण

देवगड तालुक्यात खाडीच्या काठाला एक गाव आहे. तिथल्या एका काकींचं हे प्रकरण. मी त्याच पंचक्रोशीत दवाखाना चालवतो. काकींची आणि घरच्यांची परवानगी घेऊन लिहितोय. वय आणि घरातल्या काही ओळखू येणाऱ्या गोष्टी बदलल्या आहेत. यातल्या पहिल्या चार महिन्यांची चूक बरीचशी माझी आहे, त्यामुळे तो भाग जरा सविस्तर लिहिला आहे.

पार्श्वभूमी

काकी ५७ वर्षांच्या. मधुमेह नऊ वर्षांपासून. घरी काका, धाकटा मुलगा, सून आणि दोन नातवंडं, थोरला मुंबईला. घरची हापूसची थोडी कलमं, दोन कुणगे भातशेती, परड्यात माड. घर मासे खाणारं, पण सोमवार, संकष्टी, एकादशी आणि अख्खा श्रावण वर्ज्य. काकी दिवसभर पायावर असतात. वजन ६३ किलो, उंचीच्या मानाने थोडं जास्त, पण ‘बसून खाणारी बाई’ म्हणावं असं काही नाही.

मार्चमध्ये त्या आल्या त्या रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं म्हणून. उपाशीपोटी साखर १७२, जेवणानंतर दोन तासांनी २८०. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, ९.४. ही साधारण ७ च्या आसपास असावी, असं आपण धरून चालतो. औषधं सरकारी केंद्रातली: मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा आणि सकाळी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम. गोळ्या चुकवत नव्हत्या. रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून घेऊन आल्या होत्या, त्यामुळे तिथे शंकेला जागा नव्हती.

मी ग्लिमेपिराइड १ चं २ केलं आणि टेबलावरच्या गठ्ठ्यातला छापील आहारतक्ता हातात दिला. तोंडी एकच वाक्य सांगितलं: “काकी, भात बंद. भाकरी खा.” बाहेर पेशंट ताटकळत होते. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील.

अडचण

जूनच्या सुरुवातीला काकी पुन्हा आल्या. एचबीएवनसी ९.१. गोळीची मात्रा दुप्पट, भात बंद, आणि उतरलं काय तर ०.३. मी विचारलं, भात खाता का? “नाय ओ डॉक्टरानू, तोंडात घेवक नाय. भाकरीच खातंय मी, तुमी सांगलास तशी.” मी कागदावर ‘पथ्य पाळत नसाव्यात’ असं लिहून ठेवलं. तो कागद अजून फाइलमध्ये आहे.

मग आषाढी एकादशी आली. आमच्याकडे हे दिवस लावणीचे. पाऊस धरून होता, तरवा (भाताची रोपं) काढून ठेवलेला, माणसं ठरलेली. काकींनी सकाळी सातला कोरा चहा घेतला, ग्लिमेपिराइड घेतली, मेटफॉर्मिन घेतली आणि कुणग्यात उतरल्या. एरवी दहाला पेज पोटात जाते. त्या दिवशी उपवास. साडेअकराच्या सुमारास घाम फुटला, हात थरथरायला लागले, शेजारणीशी काहीतरी असंबद्ध बोलल्या आणि बांधावर बसल्या. भर पावसात भिजलेल्या बाईला घाम आलाय हे ओळखलं सुनेने. गावच्या उपकेंद्रातल्या ताईंनी येऊन बोटातून साखर पाहिली: ५२. ७० च्या खाली म्हणजे धोका. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, ७८ झाली. काकींचं म्हणणं, “माका काय जावक नाय, वायच चक्कर इली.”

घरी आणल्यावर सगळे घाबरलेले. साखर कमी झालीय ना, मग खायला घाला. दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, वर राजगिऱ्याची चिक्की, शिवाय दोन वेळा गोड चहा. संध्याकाळी सातला ताईंनी पुन्हा मोजली: ३१२.

एकाच माणसाचे, एकाच दिवसाचे हे दोन आकडे. ते फोनवर ऐकले आणि माझी जूनमधली नोंद आठवून कान गरम झाले. ५२ मी दिलेल्या गोळीने केले होते. ३१२ साबुदाण्याने केले असं म्हणता येईल, पण ते अर्धंच खरं. साखर एवढी खाली गेली की शरीरही आपल्या साठ्यातली साखर रक्तात ओतायला लागतं.

भाकरी म्हणजे कोणती

दुसऱ्या दिवशी काकींना बोलावलं, पण बसवून विचारलं ते सुनेला, कारण ताटात वाढते ती. काय खाता असं न विचारता ‘कुठल्या भांड्याने किती वाढता’ असं विचारलं. पंधरा दिवस तिने नातवाच्या जुन्या वहीत लिहून ठेवलं. वाटी, डाव, पेला, सगळं घरातलं. ग्रॅमचा हिशेब मी नंतर केला.

वही उघडल्यावर पहिलीच गोष्ट दिसली ती ही: काकी खरोखर भाकरी खात होत्या. तांदळाची. आमच्याकडे नुसतं ‘भाकरी’ म्हटलं की तांदळाचीच समजतात, हे मला, इथेच वाढलेल्या माणसाला, सुचू नये! तो छापील तक्ता देशावरच्या ताटावरून केलेला. त्यातली भाकरी ज्वारीची. माझ्या डोक्यात तक्ता, काकींच्या डोक्यात तवा. त्यांच्या एका भाकरीला साधारण ६० ग्रॅम पीठ लागायचं, म्हणजे ४५ ते ५० ग्रॅम कर्बोदकं, पचल्यावर ज्यांची साखर होते ती. एका वाटी भातात ती ३० ग्रॅमच्या आसपास. दुपारी दोन, रात्री दोन भाकऱ्या. मी भात बंद करून त्यांना सहा वाट्यांहून जास्त भाताइतकं पीठ खायला लावलं होतं.

दुसरं, पेज. “सकाळी काय खाता?” याला काकींचं उत्तर नेहमी “काय नाय, नुसती पेज”. पेज ही आमच्याकडे खाण्यात धरत नाहीत, ती प्यायची. प्रत्यक्षात तो मोठा वाडगा होता. निथळला तर उकड्या तांदळाचा दोन वाट्या शिजलेला भात निघाला. मी स्वतः चाळणीवर ओतून पाहिला. सोबत लोणच्याची फोड. उकडा तांदूळ पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा बहुतेकदा थोडा सावकाश पचतो हे खरं, पण इतका मऊ शिजवून, सोबत डाळ नाही, मासा नाही, भाजी नाही, अशी पेज घेतली की तो फायदा फारसा उरत नाही.

तिसरं, चहा. दिवसाला पाच, प्रत्येकात दीड चमचा साखर, आणि सकाळ-संध्याकाळच्या चहाबरोबर खारी नाहीतर टोस्ट. काकी गोड खात नाहीत हे सगळं घर शपथेवर सांगत होतं. पाच चहांची साखर पस्तीस ग्रॅमच्या वर जात होती.

बेरीज केली तर दिवसाची कर्बोदकं साडेतीनशे ग्रॅमच्या घरात. प्रथिनं मात्र त्या पंधरवड्यात फारच थोडी. जून-जुलैत मासेमारी बंद, पुढे श्रावण. एरवी रोजचा बांगडा-तारली असते तेव्हा ताट आपोआप भरलेलं दिसतं. मासा उठला की ती जागा भात, भाकरी आणि कांजीच भरून काढतात. सुकटी-सोडे होते, पण काकींचा रक्तदाबही वरच्या बाजूला, त्यामुळे खारवलेल्या माशांवर भिस्त ठेवणं मला पटेना.

आणि मार्च ते मेमधले आंबे? ती वही जुलैतली, त्यामुळे आंब्यांचा उल्लेखच नव्हता आणि मीही तो त्या वेळी काढला नाही. त्याकडे नंतर येतो.

समोरचे पर्याय

इन्सुलिन हा पहिला. एचबीएवनसी ९ च्या वर, नऊ वर्षांचा आजार. सुरू केलं असतं तर कुणी चूक म्हटलं नसतं. पण ५२ पाहून महिनाही झाला नव्हता आणि काकींच्या खाण्याच्या वेळा सण, उपवास आणि शेतीप्रमाणे हलणाऱ्या. जेवणातली गफलत समजलेली असताना वर इन्सुलिन चढवणं म्हणजे गळती न शोधता टाकीत पाणी सोडणं वाटलं. थांबवलं, पण काकींना सांगून ठेवलं की तीन महिन्यांत उतरलं नाही तर सुई घ्यायची.

दुसरा पर्याय, ग्लिमेपिराइड तशीच ठेवून ‘खाल्ल्याशिवाय गोळी नाही’ हा नियम घालायचा. हा स्वस्त, गोळी केंद्रात फुकट मिळते. यावर मी दोन दिवस घालवले. ही गोळी पोटात अन्न असो नसो, इन्सुलिन सोडायला लावते, आणि तिचा अंमल दिवसभर राहतो. पहाटे अंधारात उठून गोळ्या घेऊन टाकायची नऊ वर्षांची सवय एका वाक्याने मोडेल का? माझ्या मागच्या एका वाक्याचं काय झालं ते समोर होतं.

तिसरा, गोळी बदलायची. ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या साखर वाढलेली असेल तेव्हाच मुख्यतः काम करतात, त्यामुळे उपाशीपोटी साखर पाडण्याचा धोका फार कमी. त्यातल्या विल्डाग्लिप्टिनचं पेटंट २०१९ च्या डिसेंबरात संपल्यावर ती बरीच स्वस्त झाली. तरी खिशातूनच आणायची. लघवीवाटे साखर टाकणाऱ्या गोळीचाही विचार केला, पण दिवसभर चिखलपाण्यात ओल्या कपड्यांनी राबणाऱ्या, उपवासाला पाणीही बेताने पिणाऱ्या बाईला जंतुसंसर्गाच्या आणि शरीरातलं पाणी कमी होण्याच्या भीतीने ती नको म्हटलं.

आहाराच्या बाजूने थोरल्या मुलाने मुंबईहून ओट्स आणि ‘डायबेटिक’ बिस्किटं पाठवली होती. बिस्किटांत मैदा होताच. ओट्सचं पाकीट महिनाभर फळीवर राहिलं आणि शेवटी कोंबड्यांना गेलं. नाचणीवर सुनेचा विश्वास फार. पण नाचणीच्या पिठातही सत्तर टक्क्यांच्या आसपास कर्बोदकंच असतात आणि सत्त्व करून प्यायलं तर ती भरभर चढतात. कॅल्शियमसाठी नाचणी उत्तम. म्हणून ती वाटेल तेवढी खाता येते असं नाही.

काकींचं स्वतःचं म्हणणं एवढंच: “भात नाय तर पोट भरल्यासारखा वाटणा नाय.”

काय केलं

ग्लिमेपिराइड पूर्ण बंद. मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासून, ते ठीक आल्यावर मेटफॉर्मिन हळूहळू १००० दोन वेळा, आणि विल्डाग्लिप्टिन ५० दोन वेळा.

भात परत ताटात आणला. हे ऐकून काकी माझ्याकडे संशयाने बघत राहिल्या. दुपारी दीड वाटी उकड्या तांदळाचा भात, त्याच वाटीने मोजून, दुसऱ्यांदा वाढायचा नाही. आधी भाजी आणि आमटीतला कडधान्याचा भाग खायचा, मग भात. रात्री एक भाकरी. पेज ठेवली, पण डाव मोजून अर्धी, आणि लोणच्याऐवजी कुळथाची पिठी नाहीतर उसळ. चहा तीन, साखर अर्धा चमचा, खारी बंद. काळे वाटाणे, चवळी, मूग, कुळीथ घरात होतेच. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, शेवग्याचा पाला फुकट उगवतो. सून तो नातवंडांच्या कुरकुरीमुळे कमी करायची, तो वाढवला. सगळं मिळून कर्बोदकं दोनशे ग्रॅमच्या आत आली.

साखर मोजण्याच्या पट्ट्या स्वस्त नसतात, म्हणून रोज न मोजता आठवड्यातून दोन जोड्या ठरवल्या: एकाच खाण्याच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. लोणच्याबरोबरच्या जुन्या वाडगाभर पेजेची जोडी मुद्दाम एकदा घेतली: १४८ वरून २६१. अर्धी पेज आणि पिठी: १४४ वरून १९३. त्या दिवसानंतर मला पेजेबद्दल एक शब्द बोलावा लागला नाही. काकींना आकडे वाचता येतात, आणि स्वतःच्या बोटातून आलेला आकडा त्यांना माझ्यापेक्षा खरा वाटतो.

पहिले तीन आठवडे मात्र वाईट गेले. ग्लिमेपिराइड काढल्यामुळे उपाशीपोटी साखर १९० पर्यंत चढली. काका दवाखान्यात येऊन “जुनी गोळीच बरी होती” म्हणून गेले. मलाही हात शिवशिवत होते. चौथ्या आठवड्यात १५८, सहाव्यात १४२.

उपवास बंद करा असं मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी मला सांगणं बंद केलं असतं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो, प्रथिनं नावालाच. त्याऐवजी अर्धी-पाऊण वाटी वरीचा भात, दाण्याची आमटी आणि ताक. रताळं असेल तर वरी नाही. आणि कामाला उतरायच्या आधी, मागाहून नाही.

गणपती

चाकरमानी आले, मिठाईचे खोके आले. सुनेने पीठ, गूळ आणि खोबरं मोजून दिलं. एका उकडीच्या मोदकात कर्बोदकं साधारण २५ ग्रॅम निघाली. ठरलं असं: दोन मोदक आणि त्या जेवणात भात नाही. पहिल्या दिवशी काकींनी पाच खाल्ले आणि भातही घेतला. दोन तासांनी २४८. “नैवेद्याक नको कसा म्हणूचा?” मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे दोन: १८६. पाच दिवसांच्या गणपतीत एक दिवस गेला, त्याचं मला फारसं वाटलं नाही. खोके मात्र विसर्जनानंतरही आठवडाभर फळीवर होते. ते आधीच वाटून टाकायला सांगायला हवं होतं.

निष्पत्ती

डिसेंबरात एचबीएवनसी ७.७, उपाशीपोटी १२८, वजन ६० किलो. जुलैनंतर साखर एकदाही ७० च्या खाली गेली नाही. रात्रीचं उठणं एकावर आलं. नऊ वर्षांत डोळ्यांचा पडदा कधी तपासलाच नव्हता. तो तपासून घेतला, सुरुवातीचे किरकोळ बदल निघाले, वर्षाने पुन्हा दाखवायचं आहे.

पुढच्या जूनमध्ये ८.२. इथे आंबा. कलमं घरची असली की पेटीत जाणारा माल वेगळा आणि घरात खायचा वेगळा. लासा पडलेला, देठाकडे डाग असलेला, वाऱ्याने पडून फुटलेला, असा सगळा आंबा घरातच संपवायचा असतो. “डागी आंबो टाकूक जीव होणा नाय,” असं म्हणत काकी दिवसाला चार-पाच खात होत्या, वर मुलांच्या ताटात उरलेला रस. मध्यम हापूसच्या गरात वीसेक ग्रॅम साखर धरा. आधीच्या वर्षी ९.१ का राहिलं, त्यात भाकरीइतकाच याचाही हात असणार. यंदा मे महिन्यात कळल्यावर दिवसाला एक, चिरून, रस न काढता, दुपारच्या भातातली अर्धी वाटी कमी करून, असं ठरवलं. तोवर मोसम संपत आला होता. डागी आंब्याचं साठं न करता वड्यांसाठी देऊन टाकायचं सून म्हणते. काकींनी अजून हो म्हटलेलं नाही.

पुन्हा करायचं तर

मार्चमध्येच सुनेला आत बोलावीन. काकी खोटं काही बोलल्या नव्हत्या. माझे शब्द आणि त्यांच्या घरातले शब्द एकच आहेत असं मी गृहीत धरलं. आता भाकरी म्हटलं की ‘कशाची?’ आणि उपवास म्हटलं की ‘त्यात काय काय?’ हे मी विचारतोच.

ग्लिमेपिराइडची मात्रा वाढवण्याआधी लावणी कधी, उपवास कुठले, हे विचारायला हवं होतं. आषाढी आणि लावणी दरवर्षी जवळपास एकत्र येतात, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारलं असतं तरी कळलं असतं. ती गोळी वाईट नाही. नेमाने तीन वेळा जेवणाऱ्या माझ्या कितीतरी पेशंटांचं तिच्यावर उत्तम चाललं आहे.

गोळी लगेच पूर्ण बंद करावी की आधी १ वर आणावी, याबद्दल माझं मत आजही पक्कं नाही. १ वर आणून, लावणीपुरती बंद ठेवून, त्या तीन आठवड्यांची चढण टाळता आली असती कदाचित. पण मग बंद-चालूचा हिशेब पुन्हा काकींवरच पडला असता.

साखर कमी झाली तर काय करायचं, हे गोळी देतानाच घरात सांगून ठेवायला हवं होतं: तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबणं, पुन्हा मोजणं, आणि मग बेताचं जेवण. ग्लिमेपिराइडवरच्या माणसाची साखर काही तासांनी परत पडू शकते, म्हणून दिवसभर लक्ष. त्या दिवशी ताई आणि त्यांचं यंत्र हाताशी होतं म्हणून निभावलं.

छापील तक्त्यांचा गठ्ठा मी काढून टाकला. त्याजागी आता सुनेच्या वहीतल्या चार पानांची झेरॉक्स आहे, नावं खोडून: पेज, भात, भाकरी, मोदक, आणि पुढे वाट्या-डावांत माप.

यंदाच्या आषाढीला सकाळी नऊला काकींचा फोन आला. वरी आणि दाण्याची आमटी खाऊन झाली होती, तरवा बांधावर होता. साखर ११८ आली होती, ती त्यांनी आधी सांगितली. मग विचारलं, संध्याकाळी देवळात सुंठवडा वाटतात, त्याचं काय करायचं? चमचाभर घ्या, म्हटलं.